डोमाजींनी पेटवलेलं तणस

डोमाजी लांजेवार हे नाव आधी लिहून ठेवते. पुढे सांगताना माझी हिंमत गेली आणि मी मध्येच थांबले, तरी नाव तेवढं कागदावर राहील. माझा, माझ्या आईबाबांचा, माझ्या भाचीचा आणि आमच्या टोलीतल्या सगळ्यांचा श्वास आज चालू आहे तो या माणसामुळे. टोलीला हे मान्य नाही. टोलीच्या मते डोमाजी लांजेवार म्हणजे ज्याने आमचं तणस, गुरांसाठी रचलेला धानाचा पेंढा, जाळलं तो माणूस.

मी आठवीनंतर शाळा सोडली, त्यामुळे लिहिण्याचा सराव नाही. सध्या मी घरापासून दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासावर, समुद्रकाठच्या एका कोळंबीच्या कारखान्यात काम करते. इथल्या थंड खोल्यांच्या नळ्यांमधून अमोनिया फिरतो. पहिल्या दिवशी बाकीच्या बायका झोपायची खोली कशी आहे, पाणी कुठे भरायचं ते पाहत होत्या. मी फाटकाला प्लॅस्टिकची एक पट्टी बांधली आणि वारा कुठून कुठे जातो ते पाहत बसले. मुकादम हसला. अजूनही हसतो. पट्टी मी अजून काढलेली नाही.

लाखनीहून हायवे सोडून आत वळलं की आमचा तलाव लागतो. मोठा आहे, पाळीवरून, काठच्या बांधावरून, अर्धा वळसा घालायला पायी पाऊण तास जातो. मावळतीकडच्या काठावर गाव आणि उगवतीकडे आमची टोली, म्हणजे वीस-पंचवीस घरं, आंब्याची चार झाडं आणि मागे धानाच्या बांध्या, भाताची खोलगट खाचरं. गावाच्या काठावर आजूबाजूच्या सगळ्या गावांची मिळून एक नळयोजना आहे. तिथे पाण्यात सोडायच्या क्लोरीन गॅसचं एक सिलिंडर असायचं, आणि त्या सिलिंडरचे डोमाजी. पगार ठेकेदार द्यायचा, तोही त्याला आठवण झाली की. शिक्षण चौथी. खाकी हाफपँट, खांद्यावर दुपट्टा, आणि एक सायकल जिची घंटी सोडून सगळं वाजायचं.

माणूस रोज सकाळी कामावर आला की आधी मूठभर ओलसर तणस काठावर पेटवायचा आणि उकिडवा बसून धूर पाहायचा. धूर पाहिल्याशिवाय सिलिंडरच्या चकरीला, म्हणजे व्हॉल्व्हला, हात लावायचा नाही, असा त्याचा नियम. हा नियम त्याला कोणी घालून दिलेला नव्हता, आणि त्यामुळे गावाच्या नळाला पाणी जरा उशिरा यायचं. गावातल्या बाया हंडे घेऊन ताटकळायच्या आणि म्हणायच्या, "लांजेवाराची पूजा अजून व्हायची हाय वाटते." डोमाजी म्हणायचे, "आधी धूर, मंग चहा, मंग नळ. उलटं केलं त एखाद्या दिवशी तिन्ही बंद होतीन."

हवेबद्दल ते नात्यातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत. उन्हाळ्यात, दिवस जरा वर आला की धूर पाण्यावर चढायचा आणि वर जायचंच विसरायचा. चटई अंथरल्यासारखा सपाट, सरळ आमच्या टोलीकडे निघायचा. हिवाळ्यात तोच धूर काठ सोडला की वर उठायचा आणि तलावाच्या मध्यापर्यंतही पोचायचा नाही. असं का होतं, ते मी एकदा विचारलं होतं.

"पाहा बाई," ते म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी थंड अन् हवा तपलेली. पाण्याले चिकटून असते थे हवा थंड, जड. वरची गरम, हलकी. दोघी जावा हायेत. एका घरात राहतात, पण बोलत नाहीत. मधात जो सापडला तो तसाच पुढे सरकते, कोणी त्याले वर घेत नाही, कोणी खाली घेत नाही. अन् पाण्यावर ना झाड, ना घर, ना बांध. अडवन कोन?"

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात पाणी चुलीवानी ऊन. खालची हवा तपते, वर जाते, वरची खाली येते. जावा एकमेकीच्या गळ्यात पडतात, अन् मधातला धूर कुठं गेला हे दोघींलेबी आठवत नाही."

आम्ही टोलीतल्या सात-आठ बाया आंब्याखाली, पाण्याजवळ गारवा म्हणून, बिड्या वळत बसायचो. डोमाजी अधूनमधून सायकलवरून पाळीने यायचे आणि तपासणीला साहेब आल्यासारखे विचारायचे, "काल साडेदहाच्या सुमाराले कशाचा वास आला?" सुरुवातीला आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला भूक लागली असेल. पण ते वासाची हजेरी घेत होते. गावात कोणाच्या घरी सुकट भाजली, कोणी मिरच्या परतल्या, याची त्यांना तिकडे माहिती असायची. इकडे आलेला वास ते तिच्याशी जुळवून पाहायचे. मे महिन्यात आम्ही गावातल्या प्रत्येक चुलीचं नाव सांगू शकायचो. डिसेंबरात आम्हाला आमच्याच भाताचा वास यायचा.

या अभ्यासाने त्यांचं नुकसान केलं. एका एकादशीला आम्हा बायांना पाण्यावरून मटणाचा वास आला, चांगला खडा मसाला घातलेल्या. डोमाजी आले, त्यांनी विचारलं, आम्ही सांगितलं. त्यांना फार आनंद झाला, कारण त्या दिवशी ढग होते आणि वास पोचेल की नाही याची त्यांना शंका होती. त्या आनंदात त्यांनी चहाच्या टपरीवर चार लोकांत सांगून टाकलं की वारा सरळ सरपंचाच्या परसातून निघून टोलीच्या आंब्याखाली गेला, मधात कुठंच फुटला नाही. सरपंचांच्या गळ्यात माळ होती. वाऱ्याबद्दल टपरीवर कोणी काही बोललं नाही, मटणाबद्दल मात्र सगळे बोलले. त्या दिवसापासून सरपंच डोमाजींना 'हवामास्तर' म्हणू लागले आणि त्यांचा कुठलाही अर्ज सरपंचांच्या टेबलावरून पुढे सरकेना.

अर्ज म्हणजे सिलिंडरच्या चकरीचं पॅकिंग बदलून द्या, हा. आणि दुसरा, मास्कच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे द्या, हा. मास्क होता. चांगला नवा, डब्यातला. पण तो चोरीला जाऊ नये म्हणून कपाटात होता, आणि किल्ली लाखनीला एका तरुण साहेबांकडे होती.

हे साहेब एकदा गॅसबद्दल प्रशिक्षण द्यायला आले होते. जानेवारीची सकाळ, तलावावर धुकं. साहेबांनी सांगितलं की ही जागा सुरक्षित आहे, समोर मोकळं पाणी आहे, गळती झालीच तर गॅस मोकळ्या हवेत विरून जाईल. डोमाजींनी मूठभर तणस पेटवलं. धूर पाण्यावर गेला, उठला आणि विरला. साहेब खूश झाले, म्हणाले, "पाहा, मामांनाही समजलं."

"हव साहेब," डोमाजी म्हणाले. "आता मे महिन्यात एक डाव या. अकरा वाजता."

"मे महिन्यात कशाला?"

"तवा विरत नाही. तवा थो पाहुणा जाते पल्याड."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मे महिन्यात ते आले नाहीत. गॅस आला.

गावाच्या काठावर काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. सकाळी दहाच्या पुढे चकरीच्या बुडातून गॅस सुटायला लागला. डोमाजींनी अमोनियात भिजवलेली चिंधी फिरवून गळती कुठे आहे ते शोधलं. जिथे गळती असते तिथे पांढरा धूर धरतो. पान्हा होता. पण तोंडावर मास्क नसताना पान्हा लावून आवळायला जावं तर दोन श्वासांत माणूस आडवा. जमलेल्या लोकांना त्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, देवळाकडे पाठवलं, "कोणी हात लावू नका, मी आलोच" असं सांगितलं आणि कपाटाचं कुलूप फोडायला ते ऑफिसच्या खोलीकडे पळाले.

तेवढ्यात सरपंच पोचले. इथे त्यांच्यावर अन्याय करायचा नाही. माणूस घाबरून पळाला नाही. फक्त आमच्या गावाची एक पद्धत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. वर्षाची सगळी रोगराई, इडापीडा त्या बाहुलीवर घालायची आणि तिला ओरडत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायची. आमच्या गावाची त्या अंगाची शीव म्हणजे तलाव. त्यामुळे गावाला जे जे नको, ते ते तलावात देण्याची सवय लहानपणापासून हाताला असते. सरपंचांनी चार पोरांना तोंडाला ओले दुपट्टे बांधायला लावले, सिलिंडर हातगाडीवर चढवलं आणि पाण्यात लोटलं. लोटताना कोणीतरी "घेऊन जा गे मारबत" असं म्हटलं. सवयीनेच म्हटलं असणार.

सिलिंडर अर्धं रिकामं होतं. ते बुडालं नाही. चकरी पाण्याखाली ठेवून ते तरंगायला लागलं, पाण्यात उकळी फुटल्यासारखं झालं आणि हळदीत हिरवा मिसळावा तशा रंगाचं काहीतरी पाण्यावर अंथरलं जाऊ लागलं. पाण्याच्या संगतीने गळती वाढते, हे डोमाजी वर्षानुवर्षं सांगत होते. पण ते हवामास्तर होते. पाण्याचं खातं त्यांच्याकडे नव्हतं.

मास्क घेऊन ते परत आले तेव्हा गाव टाळ्या वाजवत होतं. गावात वास नव्हता. तो निघाला होता, चालण्याच्या वेगाने, आमच्याकडे.

त्यांनी माझ्या बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "हव हव, पाहतो," आणि फोन खिशात टाकला. आईने विचारलं, कोण होतं. "लांजेवार. वास येऊन राहिला का म्हणून इचारत असन," बाबा म्हणाले.

मग मला डोमाजी पाळीवरून येताना दिसले. सायकल इतक्या जोरात चालवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आंब्याखाली येऊन त्यांनी सायकल टाकून दिली आणि श्वास न घेता सांगितलं की गॅस येऊन राहिला, उठा, टेकडीवर चला. बांध्यांकडे पळू नका, थो बी तिकडंच जाणार हाय, खोलगटात बसते थो. आडवे पळा, वाऱ्याची वाट सोडा.

कोणी उठलं नाही. एक मावशी म्हणाली, "आज कशाचा वास पाहिजे, तेवढं सांग न बापू." बाया हसल्या. पाण्याकडे पाहावं तर लांबवर नुसती एक पिवळट झाक होती, उन्हात दिसेल न दिसेल अशी. बाबा घरातून बाहेर आले आणि म्हणाले, "तलाव एवढा मोठा हाय. इथं येस्तोवर काय राहीन त्याचं? तुमचे साहेबच त सांगून गेले."

साहेबांचं बाकी काही गावात पोचलं नव्हतं. हे बरोबर पोचलं होतं.

डोमाजींनी पाण्याकडे पाहिलं. मग टेकडीकडे पाहिलं, ती उत्तरेला आहे, घरांपासून एका दमात चढता येईल एवढी. मग आमच्या तणसाच्या ढिगाकडे पाहिलं. वर्षभराचा चारा होता तो, बाबांनी पावसाळ्याआधी नव्याने रचलेला. मी त्यांच्या सगळ्यात जवळ होते. त्यांनी चपला काढल्या आणि काखेत धरल्या. म्हणाले, "बाई, पाळण्यातली पोर उचल आधी."

मी म्हटलं, "अन् बाकीचे?"

"मले मारायले तरी येतीन ना?" असं म्हणून त्यांनी आगपेटी काढली.

मे महिन्यातलं तणस. ते पेटलं कसं, हे सांगायला शब्द लागत नाहीत. बाबांनी आयुष्यात काढली नसेल अशी हाक काढली. डोमाजी दहा पावलं पळाले, वळले, आपल्या मागे कोणी येतंय का पाहिलं आणि पुन्हा पळाले, टेकडीच्या बाजूला. आणि टोली उठली. काठ्या, विळे, एकाच्या हातात नुसता तांब्या. ज्या मावशीने वासाची चौकशी केली ती सगळ्यांच्या पुढे, वयाच्या साठाव्या वर्षी, पदर खोचून. आमच्या टोलीत इतकी एकी मी ना त्याआधी पाहिली ना त्यानंतर. निवडणुकीलाही नाही. भाचीला छातीशी धरून मीही पळाले. बाकीचे माणसाच्या मागे पळत होते, मी टेकडीकडे.

डोमाजी वर पोचले तेव्हा धाप लागून खालीच बसले. बाबांनी पहिली काठी हाणली, दुसरी कोणी हाणली ते मला माहीत नाही. तिसरी उचलली गेली तेवढ्यात आई म्हणाली, "अहो, खाली पाहा."

खाली आमच्या घरांमध्ये ते शिरलं होतं. अंगणातून, दारातून, गुडघ्याएवढ्या उंचीने, घाई नसलेल्या माणसासारखं. आमच्या तणसाचा धूर त्याच्याच दिशेने वाकून बांध्यांवर पसरत होता. कोंबड्या आधी पडल्या, मग खुंट्याच्या दोन शेळ्या. सगळे पाहत राहिले. काठी तशीच वर राहिली, मग खाली आली. डोमाजींच्या अंगावर नाही, नुसती खाली आली.

दुपारनंतर वारा फिरला आणि आम्ही उतरलो. आंब्याची पानं धुतलेल्या कपड्यासारखी फिकी पडली होती. काही जणांना पंधरा दिवस खोकला राहिला. माणूस एकही गेला नाही, आणि म्हणून प्रकरण लवकर मिटलं. मेलेला माणूस असता तर चौकशी झाली असती. आमची फक्त नोंद झाली. तिच्यात लिहिलं होतं की सरपंचांनी धोकादायक वस्तू प्रसंगावधान राखून पाण्यात टाकली. ऑपरेटर त्या वेळी जागेवर हजर नव्हता. त्याने शासकीय कपाटाचं कुलूप तोडलं, टोलीत घबराट पसरवली आणि चाऱ्याला आग लावली. लोक जीव वाचवायला आपणहून टेकडीवर गेले, असं टोलीने एकमताने सांगितलं. दुसरं काय सांगणार होते? आम्ही एका म्हाताऱ्याला मारायला धावलो होतो, असं?

नोंद करणाऱ्या बाबूने मलाही विचारलं, "तू काय पाहिलं?" बाबा बाजूला उभे होते. मी म्हटलं, "मी पोरीले घेऊन होती. मले काही माहीत नाही." त्याने ते लिहून घेतलं आणि मी सही केली. आठवी शिकल्याचा मला तेवढाच उपयोग झाला.

डोमाजींचं काम गेलं. वरून गावाने बसून ठरवलं की जळालेल्या तणसाबद्दल त्यांनी दर वर्षी एक बंडी, म्हणजे बैलगाडीभर, तणस बाबांना द्यायचं, बाबांचं समाधान होईपर्यंत. मी एकदा त्यांना पाळीवर एकटं गाठलं आणि म्हटलं, "काकाजी, मी सांगून देतो सगळ्यायले. तुम्ही मले बोलले होते थे."

"काय सांगशीन?"

"का तुम्ही मुद्दाम लावली. लोक मागं यावं म्हणून."

ते बराच वेळ हसले. खोकला येईपर्यंत. मग म्हणाले, "नको सांगू व माय. मारायले धावले म्हणून जगले, हे त्यांले समजलं त पुढल्या बारीले कोणी मारायलेबी येणार नाही. मंग मी का करू?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटल्याने सुटल्यासारखं झालं. त्यांनीच नको म्हटलंय, असं स्वतःला सांगत मी दोन वर्षं गप्प राहिले आणि मग मजूर नेणाऱ्या एका ठेकेदारासोबत रेल्वेत बसून इकडे आले.

मागच्या दिवाळीनंतर, धान चुरून, म्हणजे मळून, झाल्यावर मी घरी गेले होते. एका सकाळी अंगणात बंडी उभी राहिली. डोमाजी तणस उतरवत होते. पाठ वाकलीय, मारामुळे की वयामुळे कोण जाणे. बाबा खाटेवर बसून पाहत होते. एक पेंढी उचलून त्यांनी दाबली आणि म्हणाले, "ओलं हाय गा हे."

"वाळन," डोमाजी म्हणाले.

"मागल्या साली बी ओलंच होतं."

"मागल्या सालचं वाळलं का नाही?"

बाबांनी पेंढी ढिगावर फेकली. मी चहा आणला. कप घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "समुद्राचं पाणी हिवाळ्यात ऊन राहते का व?" मी म्हटलं, राहतं. "वाटलंच," ते म्हणाले. मी त्यांना विचारलं, नळयोजनेवर आता कोण आहे. त्यांनी सांगितलं, सिलिंडर बंद झालं. आता पावडर टाकतात, पोतडीतली, तिला ना मास्क लागते ना माणूस. हे त्यांनी जरा नाराजीनेच सांगितलं. मग कप ठेवला, बंडी वळवली आणि पाळीला लागले. बाबा म्हणाले, "पुढल्या साली कोरडं आणजो." त्यांनी मागे न पाहता हात वर केला.

मी तिथे उभी होते, बाबा तिथे होते, आई दारात होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी कप धुवायला नेला.

इथे आल्यावर मात्र ती पावडर माझ्या डोक्यातून जात नाही. सिलिंडर बंद झालं. म्हणजे पुढली बारी आता यायची नाही, आणि पुढल्या बारीसाठी राखून ठेवलेलं माझं गप्प बसणंही संपलं. त्यांनी मला घातलेली अट राहिली नाही. उरली आहे ती फक्त माझी भीती, आणि तिचं कारण डोमाजींच्या नावावर मला आता मांडता येत नाही.

काकाजी, हे तुम्हाला कोणी वाचून दाखवलं तर ऐका. एक दिवस मी ग्रामसभेत उभी राहीन. बाबा समोर असतील, ती मावशी असेल, सरपंच खुर्चीवर असतील. तुम्ही आगपेटी काढण्याआधी काय म्हणालात ते मी माझ्या नावानिशी सांगेन, आणि मी सही केलेला तो कागद खोटा आहे हेही सांगेन. तणसाची बंडी त्या दिवसापासून बंद. मला फक्त एवढी खात्री नाही की ते कोणत्या साली जमेल. तोवर कोरडं तणस आणत जा.